धाकट्या वारीचा मागोवा

पंढरपूरच्या वाऱ्या चार. आषाढी-कार्तिकीचं कौतुक साऱ्या महाराष्ट्राला, माघीचं वारकऱ्यांना. चैत्रीची आठवण मात्र पंचांग उघडल्यावरच येते. तिला ना रिंगण, ना मुख्यमंत्र्यांची महापूजा. सोलापूर जिल्ह्यातलं ऊन चाळिशीच्या पुढे गेलेलं असतं, चंद्रभागेत उजनीतून पाणी सोडलं तर स्नान, नाहीतर नुसतं वाळवंट. दशमीला माणसं येतात आणि द्वादशीला पांगतात.

पण हिचं कूळ पाहायला गेलं की आपण पोचतो ते सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, शिखर शिंगणापुरी. तिथे चैत्र शुद्ध अष्टमीला शंभू महादेवाचं लग्न लागतं आणि द्वादशीला मुंगी घाटातून कावडी चढतात. घाटात वाट अशी नाहीच. कातळावर माणसांची साखळी उभी राहते आणि दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेले रांजण असलेली कावड हातोहात वर सरकते. अष्टमी आणि द्वादशी यांच्या मध्ये पंढरीची एकादशी. विठ्ठलाच्या देवळात या दिवशी पुरणपोळीचा नैवेद्य असतो, एकादशी असूनही. कारण विचारलं तर सांगतात, महादेवाचं लग्न आहे. हरिहर एकच, हे सांगायला याहून गोड पुरावा कुठला आणायचा?

डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’मध्ये विठोबाचं मूळ गवळी-धनगरांच्या देवात शोधलं. ते मान्य करा अथवा करू नका, चैत्रीत मात्र माणदेशाच्या माळाचा वास येतोच. शेतीचं गणितही तिच्या बाजूने आहे. ज्वारी खळ्यातून घरात आलेली, पेरणी अजून दोन महिने लांब. कोरडवाहू मुलखातल्या माणसाला देवाकडे जायला याहून मोकळे दिवस सापडत नाहीत.

देवळाचं स्वतःचं उन्हाळी वेळापत्रकही याच दिवसांत सुरू होतं. गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्र लागेपर्यंत रोज दुपारी देवाला चंदनउटी. सहाणेवर चंदन उगाळत बसायचं, आणि ओला गंध मूर्तीच्या अंगभर लेपायचा. बाहेर दुकानदार बुक्क्याची परात झाकून डुलकी काढत असतो. आषाढी-कार्तिकीच्या कमाईवर वर्ष काढायचं, ही या गावाची जुनी सवय. बार्शी लाइट रेल्वे १९०६ साली इथवर आली, त्याने गर्दी वाढली, पण ती वारीच्याच दिवसांत. मोकळ्या उन्हाळ्यात गावात फारसं काही घडत नाही असं म्हणावं, तर १९४७चा मे महिना आठवतो. हरिजनांना मंदिर खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी इथल्या तनपुरे महाराजांच्या मठात १ मे रोजी उपोषण आरंभलं आणि दहा दिवसांत दार उघडलं. आज कुणीही पुढे होऊन विठ्ठलाच्या पायांवर डोकं ठेवतो, त्यामागे तो उन्हाळा आहे.

मग २०२० आलं, कोरोना घेऊन. १७ मार्चला विठ्ठल मंदिर भाविकांना बंद झालं. पहिली बुडाली ती चैत्रीच, ४ एप्रिलची. आषाढीला निदान पादुका एसटीने पंढरीला आल्या, त्याच्या बातम्या झाल्या, लोक हळहळले. चैत्री चुकली हे कुणाच्या गावीही नव्हतं. आत नित्योपचार चालूच होते, चंदनउटीही. जूनमध्ये भाविकांच्या स्पर्शाने झिजलेल्या मूर्तीला वज्रलेप झाला. एरवी त्यासाठी दर्शन थांबवावं लागलं असतं. नोव्हेंबरात पाडव्याला दार उघडलं, पण दुरूनच मुखदर्शन. २०२१ची चैत्री दुसऱ्या लाटेत गेली.

राज्यातले निर्बंध उठले ते २०२२च्या गुढीपाडव्याला, २ एप्रिलला. त्याच दिवशी पदस्पर्श दर्शन पुन्हा सुरू झालं. उटीचा पहिला दिवसही तोच. दहा दिवसांनी, १२ एप्रिलला एकादशी. म्हणजे दोन वर्षांनंतर पाय धरायला मिळाले ती पहिली मोकळी वारी चैत्रीची होती. सगळा थाट जुलैतल्या आषाढीने नेला, ते ठीकच. पण टाळ-चिपळ्या विकणाऱ्याला, काशीकापड्यांच्या तुळशीमाळांना आणि मठांच्या रिकाम्या ओवऱ्यांना पहिलं गिऱ्हाईक, पहिला पाहुणा मिळाला तो या उन्हातल्या धाकट्या वारीत.

त्याबद्दल तिला काही मोठेपणा मिळाला असं समजू नये. २०२४ साली मंदिराच्या जतन-संवर्धनाचं काम निघालं आणि १५ मार्चपासून पदस्पर्श दर्शन थांबवण्यात आलं. आषाढीच्या आत काम आटपायचं, म्हणून उन्हाळा निवडला. व्यवहार म्हणून ते बरोबरच. मेअखेर कान्होपात्रेच्या मंदिराजवळ जमिनीखाली तळघर सापडलं, त्यातून दगडी मूर्ती निघाल्या, आणि २ जूनला पाय पुन्हा खुले झाले. १९ एप्रिलची चैत्री तेवढी मुखदर्शनावर भागवावी लागली.