अकरा विजय, दोन पराभव आणि १९२ मतं : सांगोल्याचे गणपतराव देशमुख

आजचा भाग राजकारणाच्या इतिहासाचा आहे, पण काळजी करू नका, कुणाचा प्रचार नाही.

सुरुवात तुमच्या ओळखीच्या माणसापासून करू. "काय झाडी, काय डोंगार, काय हाटील!" जून २०२२ मध्ये गुवाहाटीहून झालेला तो फोन कॉल आठवतोय ना? मीम झाले, रील झाले, लग्नाच्या वरातीत गाणी वाजली. ते आमदार म्हणजे सांगोल्याचे शहाजीबापू पाटील. बहुतेकांना ते तेव्हापासून माहीत झाले. पण त्यांचं नाव महाराष्ट्राच्या निवडणूक इतिहासात त्याआधी सत्तावीस वर्षं नोंदलं गेलंय. १९९५ साली त्यांनी काँग्रेसकडून उभं राहून एका आमदाराला हरवलं होतं. फरक होता १९२ मतांचा. चार एसटी गाड्यांत बसतील एवढी माणसं, बस्स.

ज्यांना हरवलं ते होते गणपतराव देशमुख. सांगोल्याचे आबासाहेब. आजची गोष्ट त्यांची.

कोल्हापूरकरांनी ही गोष्ट का ऐकायची? एक तर सांगोला काही लांब नाही. आपण सोलापूरला निघालो की मिरज मागे पडतं, हळूहळू ऊस दिसायचा बंद होतो, जमीन उघडी पडत जाते, आणि मंगळवेढ्याच्या आधी सांगोला लागतं. दुसरं म्हणजे गणपतराव शेतकरी कामगार पक्षाचे, आणि या लाल बावट्याचा आपल्याकडेही एके काळी जबरदस्त दरारा होता. १९७७ साली कोल्हापूरचे खासदार झालेले दाजीबा देसाई शेकापचेच, आणि तेही अवघ्या १६५ मतांनी निवडून आले होते. प्रा. एन. डी. पाटील तर आपल्या घरातलेच. १९८५ ला ते कोल्हापुरातून आमदार झाले. त्याआधी १९७८ ला शरद पवारांच्या पुलोद सरकारात एन. डी. आणि गणपतराव दोघंही मंत्री होते.

आधी शीट भरून घेऊ

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. कुणी म्हणालं "अकरा वेळा आमदार", की पहिल्यांदा रकाने आखतो. तर गणपतरावांचा हिशोब असा.

विजय : १९६२, १९६७, मग १९७४ ची पोटनिवडणूक, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४. मोजा, अकरा भरतात. पराभव दोन : १९७२ आणि १९९५. मतदारसंघ प्रत्येक वेळी सांगोला. पक्ष प्रत्येक वेळी शेकाप.

म्हणजे १९६२ ते २०१९ या सत्तावन्न वर्षांत साधारण एक्कावन्न वर्षं ते आमदार होते. मधे दोन गॅप. आमच्या भाषेत सांगायचं तर अपटाइम भारी, पण सर्व्हर दोनदा डाऊन झालेला.

इथं एक दुरुस्ती करून टाकू, कारण व्हॉट्सॲपवर फिरतं की "हा देशातला विक्रम आहे". तसं नाही. केरळात के. एम. मणी पाला या एकाच मतदारसंघातून तेरा वेळा निवडून आले. तमिळनाडूत करुणानिधीही तेरा वेळा जिंकले, मात्र मतदारसंघ बदलत. गणपतरावांचा विक्रम महाराष्ट्राचा आहे, आणि तोही काही लहान नाही.

आता आकड्यांचा दुसरा रकाना बघा. १९६२ ला संयुक्त महाराष्ट्राची पहिली विधानसभा निवडणूक झाली. काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या. त्या लाटेत शेकापचे १५ आमदार आले, त्यात सोलापूर जिल्ह्यातल्या पेनूरचा हा तरुण वकील होता. १९६७ ला पक्षाचे १९ झाले. १९७८ ला १३. १९९५ ला ६. २०१४ ला ३. पक्षाचा आलेख खाली खाली जातोय आणि हा माणूस त्याच रेषेवर उभा आहे. नव्वदीच्या उंबरठ्यावर, मोदी लाटेच्या वर्षी, गणपतरावांना ९४,३७४ मतं पडली. शिवसेनेकडून उभे असलेले शहाजीबापू २५,२२४ मतांनी मागे राहिले.

जिंकणाऱ्या पक्षाच्या तिकिटावर अकरा वेळा निवडून येणं वेगळं. इथं पक्ष आटत चाललाय, वर सत्ता नाही, तरी लोक त्याच माणसाला मत देतायत. का देतायत? त्याचं उत्तर मला विजयांपेक्षा त्या दोन पराभवांत जास्त सापडतं.

पहिला गॅप : १९७२

मार्च १९७२. बांगलादेशचं युद्ध नुकतंच जिंकलेलं, इंदिरा गांधींची हवा. शेकापचे १९ चे ७ झाले. गणपतराव सांगोल्यात काँग्रेसच्या काकासाहेब साळुंखे यांच्याकडून हरले. दोनदा आमदार झालेला, चाळिशी ओलांडलेला वकील. अशा वेळी अनेकांनी पक्ष बदलला असता. अनेकांनी बदललाही.

मग त्याच वर्षी पाऊस गेला. १९७२ चा दुष्काळ आपल्या आजी-आजोबांना विचारा. खडी फोडायची कामं, सुकडी, चारा नाही म्हणून विकलेली जनावरं. सांगोला तर मुळातच पर्जन्यछायेतला, माण नदीचं पात्र वर्षातले कितीतरी महिने कोरडं. राज्याच्या सगळ्यात मोठ्या दुष्काळात या तालुक्याचे गणपतराव आमदार नव्हते. पद नव्हतं, पण पक्षाला काम मिळालं. हाताला काम द्या, मजुरी द्या, या मागणीसाठी शेकाप आणि इतर डाव्या पक्षांनी राज्यभर मोर्चे काढले. पुढे रोजगार हमीचा जो कायदा झाला, त्यामागे वि. स. पागे यांची कल्पना होती तसा या रेट्याचाही वाटा होता.

१९७४ ला सांगोल्यात पोटनिवडणूक लागली आणि गणपतराव परत आले. तिथून सलग एकवीस वर्षं.

दुसरा गॅप : १९९५

आता त्या १९२ मतांकडे येऊ. १९९५ ही महाराष्ट्रात बंडखोरीची निवडणूक होती. अपक्षांचं पेव फुटलं आणि युतीचं सरकार आलं. सांगोल्यात तरुण शहाजीबापूंनी गणपतरावांना गाठलं. अशा निकालाला कारण शोधणं अवघड असतं. एका गावात दुपारी पाऊस झाला, एका वाडीत गाडी उशिरा पोचली, एवढ्यानेही १९२ मतं इकडची तिकडे होतात.

साठी-सत्तरीच्या मधला माणूस, एवढ्या काठावरचा पराभव. थांबायला हे निमित्त पुरेसं होतं. ते थांबले नाहीत, आणि दुसऱ्या पक्षातही गेले नाहीत. १९९९ ला तोच मतदारसंघ, तोच पक्ष. जिंकले आणि विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात मंत्रीही झाले. त्यानंतरची वीस वर्षं पुन्हा अखंड.

मधल्या दिवसांत काय चालायचं?

गणपतरावांबद्दल सगळ्यात जास्त सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे एसटी. आमदारासाठी एसटीत राखीव सीट असते, तिच्यावर खरोखर बसणारा आमदार म्हणजे आबासाहेब. मुंबईला अधिवेशनाला जायचं तर एसटी नाहीतर रेल्वे. साधेपणाच्या या गोष्टी खऱ्या आहेत, पण नुसत्या साधेपणावर अकरा निवडणुका निघत नाहीत. साधी माणसं हरतातही.

मला जास्त महत्त्वाची वाटते ती सूतगिरणी. आपल्या इचलकरंजीमुळे सुताचा धंदा किती बेभरवशाचा असतो हे आपल्याला माहीत आहे. कापसाचा भाव वर गेला की गिरणी अडचणीत, सुताचा भाव पडला की आणखी अडचणीत. महाराष्ट्रात कितीतरी सहकारी सूतगिरण्या अनुदान घेऊन उभ्या राहिल्या आणि बंद पडल्या. सांगोल्यासारख्या दुष्काळी गावात, जिथं कापसाचा पट्टा नाही, तिथं गणपतरावांनी शेतकरी सहकारी सूतगिरणी काढली आणि ती चालवून दाखवली. सहकारातली माणसं आजही तिचं नाव चांगल्या कारभाराचा नमुना म्हणून घेतात. तालुक्यातल्या घराघरांत पगार जायला लागला. मतदार असल्या गोष्टी लक्षात ठेवतो.

आणि दुसरं, पाणी. १९९० च्या दशकात आटपाडीला पाणी परिषदा सुरू झाल्या. वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी त्यात पुढे, आणि त्यांच्याबरोबर गणपतराव. कृष्णेचं पाणी सांगली, सातारा, सोलापूरच्या १३ दुष्काळी तालुक्यांना द्या, ही मागणी. आपल्याकडे कृष्णा-पंचगंगा घरात शिरतात. २०१९ चा पूर आपण सगळ्यांनी बघितलाय. त्याच खोऱ्याचं पाणी टेंभू आणि म्हैसाळच्या पंपांनी टप्प्याटप्प्याने वर चढवून पूर्वेकडे न्यायचं, अशी ती लढाई होती. एका नदीच्या दोन टोकांची ही दोन दुःखं आहेत.

अवघड प्रश्न

आता जो प्रश्न विरोधकांनी विचारला असेल, तो आपणही विचारू. एकच माणूस पन्नास वर्षं आमदार, तरी तालुक्याला पाण्यासाठी इतकी वर्षं भांडावं का लागलं?

प्रश्न रास्त आहे. याचं एक उत्तर त्यांच्या निष्ठेतच आहे. मंत्रिपदाचे दोन काळ सोडले तर गणपतराव बहुतेक वेळ विरोधी बाकांवर होते. धरणाचा, कालव्याचा, उपसा योजनेचा निधी कुठे आधी जातो हे आपण बघतोच. सत्तेतल्या पक्षात गेले असते तर कदाचित काही कामं लवकर झाली असती. ती किंमत एकट्या गणपतरावांनी मोजली नाही, तालुक्यानेही मोजली. आजकाल पक्ष बदलणारा प्रत्येक आमदार "मतदारसंघाच्या विकासासाठी" असं म्हणतो. त्या वाक्यात अर्धं सत्य असतं, म्हणूनच ते एवढं चालतं. सांगोल्याच्या मतदारांनी मात्र अकरा वेळा दुसरा सौदा निवडला. निधी उशिरा आला तरी चालेल, पण आपला माणूस कुठे आहे ते सकाळी उठून शोधायला लागू नये.

दुसरं उत्तर लोक दबक्या आवाजात देतात, जातीचं. गणपतराव धनगर समाजाचे आणि सांगोल्यात या समाजाची संख्या मोठी. हे गणित खरं आहे, ते लपवायचं कारण नाही. पण १९७२ ला आणि १९९५ लाही समाज तेवढाच होता, तरी ते हरले. गणित पायरीपर्यंत नेतं, पुढचं माणसालाच चालावं लागतं.

मधल्या काळात तालुकाही बदलला. १९९० नंतर रोजगार हमीतून फळबागांची योजना आली आणि सांगोल्याच्या माळावर डाळिंब उभं राहिलं. डिसेंबर २०२० मध्ये देशातली शंभरावी किसान रेल्वे सुटली ती सांगोल्याहून, पश्चिम बंगालमधल्या शालिमारला. ज्या स्टेशनचं नाव आपण मिरज-पंढरपूर लाइनवर फक्त वाचायचो, तिथून डाळिंब कोलकात्याकडे निघालं.

त्यांच्यानंतर

२०१९ ला वयामुळे गणपतराव उभे राहिले नाहीत. नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे राहिले. समोर पुन्हा शहाजीबापू. निकाल : ९९,४६४ विरुद्ध ९८,६९६. नातू ७६८ मतांनी हरला. आजोबांना १९२ मतांनी हरवणाऱ्यानेच नातवालाही काठावर हरवलं.

३० जुलै २०२१ ला गणपतराव सोलापुरात गेले. सहा महिन्यांनी, १७ जानेवारी २०२२ ला, आपल्या कोल्हापुरात एन. डी. पाटील गेले. त्याच वर्षी जूनमध्ये सांगोल्याचे आमदार गुवाहाटीत होते.

२०२४ ला दुसरे नातू, डॉ. बाबासाहेब देशमुख, शेकापकडून उभे राहिले. शहाजीबापू आणि दीपक साळुंखे दोघंही समोर. बाबासाहेब २५,३८६ मतांनी जिंकले. आजोबांच्या शेवटच्या विजयाशी ताडून बघा, फरक जवळजवळ तेवढाच. आजच्या विधानसभेत शेकापचा एकच आमदार आहे, आणि तो सांगोल्याचा.

आता याला निष्ठा म्हणायचं की घराणं, यावर वाद होऊ शकतो. एका माणसाभोवती उभा राहिलेला पक्ष त्याच्या नातवावर टेकतो तेव्हा हा प्रश्न येणारच, आणि त्याचं उत्तर बाबासाहेबांना पुढच्या दोन-तीन निवडणुकांत द्यावं लागेल. हरल्यानंतर ते कुठे असतात, तेव्हा खरं कळेल. त्यांच्या आजोबांबद्दल लोकांना तसंच कळलं होतं, १९७२ ला आणि १९९५ ला.

एक काम देतो. घरी कुणी साठीच्या पुढचं असेल तर विचारा, तुमच्या मतदारसंघातला कुठला आमदार हरल्यानंतरही तुमच्या दारात येत होता? नाव आलं तर कमेंटमध्ये लिहा. कुणाचंच आलं नाही, तर तेही लिहा.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, राम राम!