अंतोनिया पोत्सीच्या वह्या

ज्या माध्यमिक शाळेत ग्रीक व लॅटिन हे विषय अनिवार्य असतात, तिला इटलीत ‘लिचेओ क्लासिको’ म्हणतात. मिलान शहरातील अशाच एका शाळेत १९२७ साली अंतोनियो मारिया चेर्वी हे अभिजात भाषा शिकवू लागले, तेव्हा वकील रोबेर्तो पोत्सी यांची एकुलती एक मुलगी अंतोनिया तिथे शिकणारी पंधरा वर्षांची विद्यार्थिनी होती आणि चेर्वी तिच्याहून अठरा वर्षांनी मोठे होते. वर्षभरात ते रोमला गेले, पण दोघांमधली ओढ ओसरली नाही. १९२९ पासून ती कविता लिहू लागली, त्यांतील कित्येक चेर्वींना उद्देशून होत्या, आणि पहिल्या महायुद्धात मरण पावलेला त्यांचा कवी भाऊ अन्नुन्त्सियो याचे नाव आपल्याला पुढे होणाऱ्या मुलाला द्यायचे, इथवर तिची स्वप्ने गेली होती. वडिलांच्या विरोधापुढे १९३३ मध्ये हे नाते संपले. वर्गातील अधिकार आणि वयातील अंतर लक्षात घेता शिक्षकाची जबाबदारी हलकी ठरत नाही. तथापि तिच्या शब्दांशी जो विश्वासघात झाला, तो मात्र घरातच झाला.

पुढे तिने तत्त्वज्ञ अंतोनियो बान्फी यांच्या मार्गदर्शनाखाली फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेरवर प्रबंध लिहिला. ३ डिसेंबर १९३८ रोजी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, तिने स्वतःहून जीवन संपवले. न्यूमोनियाने मृत्यू झाल्याचे घरच्यांनी सांगितले आणि तिचे मृत्युपत्र वडिलांनी नष्ट केले. हयातीत तिची एकही कविता छापली गेली नव्हती. १९३९ मध्ये वडिलांनीच ‘पारोले’ म्हणजे ‘शब्द’ या नावाने ९१ कवितांचा संग्रह खाजगीरीत्या छापून घेतला, आणि तो छापताना चेर्वींना उद्देशून लिहिलेल्या अर्पणनोंदी गाळल्या, प्रेमाच्या वा देहाच्या वाटतील अशा ओळी बदलल्या वा वगळल्या. मुलीची आठवण जपणारा हात आणि तिच्या ओळींवर काट मारणारा हात एकच होता, हे विसरून या बापाला निव्वळ खलनायक ठरवणे बरोबर नाही. त्याच्या हट्टामुळेच कविता वाचकांपर्यंत पोहोचल्या. कवी एउजेनियो मोंताले यांनी १९४८ च्या आवृत्तीला प्रस्तावना लिहिली, ती या दुरुस्त संहितेलाच.

मूळ हस्तलिखितांशी ताडून पाहिलेला पाठ ओनोरिना दीनो आणि आलेस्सांद्रा चेन्नी यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केला. गाळलेल्या अर्पणनोंदी त्यात जागच्या जागी परत आल्या, तेव्हा वडील आणि शिक्षक दोघेही हयात नव्हते.