आगगाडीतले पुस्तक आणि घरातला पेला

मी तेव्हा अकरा-बारा वर्षांचा असेन. आजी दिवाळीच्या चकल्या पाडीत होती आणि मी तिला लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचून दाखवीत होतो. आजी कडक सोवळ्याची. पुस्तक ख्रिस्ती बाईचे आहे हे कळताच तिने नाक मुरडले. पण टिळकांच्या लहरीपणाचे किस्से निघाले, तशी ती तोंडाला पदर लावून हसू लागली.

नारायण वामन टिळक १८६१ साली कोकणात जन्मले. नागपुराहून राजनांदगावास जाताना आगगाडीत त्यांची एका युरोपियन गृहस्थाशी गाठ पडली. संस्कृत काव्यावर गप्पा झाल्या आणि निरोप घेताना त्या गृहस्थाने ‘नवा करार’ त्यांच्या हाती ठेवला. टिळक तो वाचू लागले आणि येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी खिळले. पेरणी-कापणी न करणाऱ्या पाखरांना जो चारा देतो, सूत न कातणाऱ्या रानफुलांना जो नटवतो, असा बाप त्यांना तेथे भेटला. मराठीने पुढे ज्यांना ‘फुलामुलांचे कवी’ म्हटले, त्यांना तो परका वाटावा तरी कसा? १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

टिळकांना देव गवसला खरा. पण त्याची किंमत घरी बसलेल्या लक्ष्मीबाईंनी मोजली. पदरी लहान दत्तू, नवरा जिवंत असून संसार मोडलेला, आणि आधार काय तो नातलगांचा. चार-पाच वर्षे अशी गेल्यावर त्या नगरास पतीकडे आल्या. पण सोवळे सांभाळूनच. चूल वेगळी, पाणी वेगळे.

मग राहुरीस असताना एक दिवस त्यांच्या मनात प्रश्न उभा राहिला : या जाती देवाने केल्या की माणसांनी? जन्म सर्वांचा सारखा, मरण सारखे, हाडामांसातही भेद नाही. मग ही वाटणी माणसाचीच! यापुढे कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे, असे त्यांनी ठरवून टाकले. ना कोणी उपदेश केला, ना कोणी वादात जिंकले. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

मला या जोडप्याच्या इतिहासात हाच भाग मोलाचा वाटतो. टिळकांची वाट ग्रंथातून गेली, लक्ष्मीबाईंची स्वयंपाकघरातून. देवाची माया त्यांनी पोथीत शोधली नाही. पुढे त्यांचे घर परक्या मुलांनी भरले, बालकवी ठोंबऱ्यांसारखा कवीही त्या घरी राहिला, आणि ती माया तेथे रोज ताटात वाढली गेली. टिळकांनीही आपल्या ख्रिस्ताला परदेशी पोशाखात ठेवले नाही. त्याला अभंगांत आणले, टाळाच्या साथीला बसवले. महाराष्ट्रातल्या चर्चमधून ती भजने आजही गाइली जातात. १९१९ साली टिळक गेले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. ज्या बाईला अक्षरओळख लग्नानंतर नवऱ्याने करून दिली, तिने पुढचे ६४ अध्याय रचून ते तडीस नेले!

राहुरीचा तो प्रसंग वाचला, तेव्हा आजीने सोऱ्या खाली ठेवला.

“पुन्हा वाच,” ती म्हणाली.

मी पुन्हा वाचले. ती काही बोलली नाही. तेल तापून धुरावले, तेव्हा भानावर आली.

आजीने सोवळे सोडले नाही, देव्हाराही बदलला नाही. पण अंगण झाडायला येणाऱ्या बाईच्या ओंजळीत ती आजवर वरून पाणी ओतीत असे. त्या पाडव्याला तिने घरातला पितळी पेला भरून तिच्या हाती दिला. बाई घ्यायला कचरली.

“घे गं, देवानेच दिलेलं पाणी आहे,” आजी म्हणाली.

पेला परत आला, तो आजीने इतर पेल्यांतच ठेवला.