कांगड्याचे मीठ

गलगंड दिसतो गळ्यावर, पण त्याचे मूळ मातीत असते. हिमनद्यांनी आणि पावसाने डोंगरउतारांवरच्या मातीतले आयोडीन हजारो वर्षे धुऊन नेले. तिथे पिकणाऱ्या धान्यात ते उतरणार कुठून? थायरॉइड ग्रंथी जे थायरॉक्सिन तयार करते, त्या संप्रेरकाच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. आयोडीन तुटले की पीयूषिका ग्रंथी थायरॉइडला अधिकाधिक राबवते आणि ती फुगत जाते. गरोदरपणात ही तूट तीव्र असेल, तर बाळाच्या मेंदूची वाढच खुंटते.

हे कारण हिमालयापुरते बराच काळ वादग्रस्त होते. ब्रिटिश लष्करी डॉक्टर रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी गिलगिटमध्ये पाण्यातला गाळ स्वतः पिऊन पाहिला, स्वयंसेवकांनाही पाजला. काहींचे गळे सुजले आणि संशय दूषित पाण्यावर गेला. पुढे स्वित्झर्लंडने १९२२मध्ये व अमेरिकेतील मिशिगनने १९२४मध्ये आयोडीनयुक्त मीठ आणले. पण हिमालयात, दमट हवेत आणि जाड्याभरड्या मिठात तो उपाय टिकेल का, हे कोणी तपासले नव्हते.

ते काम १९५६मध्ये डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हाच्या पंजाबातील कांगडा खोऱ्यात हाती घेतले. एक लाखाहून अधिक वस्तीचे तीन विभाग पाडले. दोन विभागांना आयोडीन मिसळलेले मीठ, मधल्याला साधे. आरंभी तिन्हीकडे गलगंडाचे प्रमाण सुमारे ३८ टक्के होते. १९६२पर्यंत आयोडीनच्या विभागांत ते १९ आणि १५ टक्क्यांवर आले. साध्या मिठाच्या विभागात ४०च्या आसपासच राहिले. पाणी तेच, माती तीच. बदलले होते फक्त मीठ. दमट हवेत पोटॅशियम आयोडाइडपेक्षा आयोडेट अधिक टिकते, ही बाब पुढे देशाच्या मिठासाठी निर्णायक ठरली.

या यशाला एक बोचरी बाजू आहे. मधल्या विभागातील गावांना साध्या मिठावर ठेवले गेले ते तुलनेसाठी. त्या वर्षांत तिथे जन्मलेल्या बाळांची उणीव नंतरच्या मिठाने भरून येणारी नव्हती. त्या गावांनी मोजलेली किंमत देशाच्या पुराव्यात जमा आहे, एवढे तरी आपण नोंदवले पाहिजे.

१९६२मध्येच राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. कांगड्यातील पुढचा अहवाल १९७३मध्ये प्रसिद्ध झाला; त्याच्या लेखकांत देव आणि करमरकर ही मराठी आडनावेही आहेत. पण पुरावा हाती असणे आणि मीठ घरोघरी पोहोचणे यांत अंतर फार. सर्वांसाठी आयोडीनयुक्त मिठाचा निर्णय १९८४चा. साध्या खाद्य मिठाच्या विक्रीवर देशभर घातलेली बंदी २०००मध्ये उठवली गेली आणि काही वर्षांतच पुन्हा लादावी लागली.

प्रौढाला दिवसाला लागते अवघे दीडशे मायक्रोग्रॅम आयोडीन. इतक्या स्वस्त उपायात नफा शोधणाऱ्याला फारसे हाती लागत नाही. म्हणून असा प्रश्न सहा-सहा वर्षे, गावोगाव गळे तपासत सोडवायचा, तर पैसा सरकारी तिजोरीतूनच यावा लागतो. आपल्या घरच्या मिठाच्या पुडीवर आज ‘आयोडीनयुक्त’ हा शब्द असतो. त्यामागे कांगड्यातील तीनही विभाग आहेत. मधला विशेष करून.