देवी काढण्याचा हंगाम

हरिहरेश्वराच्या प्रदक्षिणेच्या वाटेनें जाणाऱ्या यात्रेकरूस एका बाजूस डोंगराचा कडा आणि दुसऱ्या बाजूस समुद्र दिसतो. थोडें दक्षिणेस वळलें म्हणजे सावित्रीचें मुख लागतें आणि पलीकडच्या तीरावर बाणकोटचा किल्ला उभा दिसतो. यात्रेकरूस ही एक खाडी. इतिहासाच्या अभ्यासकास ती एक सरहद्द आहे. बाणकोट १७५६ च्या तहानें पेशव्यांकडून इंग्रजांकडे गेलें. अलीकडचें हरिहरेश्वर मात्र संस्थानें विलीन झालीं त्या १९४८ सालापर्यंत जंजिऱ्याच्या नबाबाच्या राज्यांत होतें. रोगास अशा सरहद्दी ठाऊक नसतात. देवीचा रोग तरींत बसून या तीरावरून त्या तीरावर जाऊं शके. इंग्रजी मुलखाचा कायदा मात्र पाण्याच्या कांठाशीं थबके.

लस कोणास द्यावी, कोणत्या ऋतूंत द्यावी, आणि तिचा गुण ओसरल्यावर ती पुन्हां केव्हां द्यावी, हे तीन प्रश्न आपणांस अगदीं आजचे वाटतात. वस्तुतः ते सवादोनशें वर्षांचे जुने आहेत; आणि त्यांचीं उत्तरें काळोकाळ कशीं बदलत गेलीं, हें पाहण्यासारखें आहे.

जेन्नरनें इंग्लंडांत १७९६ सालीं गाईच्या देवीची लस पहिल्यानें टोचली. ती हिंदुस्थानांत आणणें सोपें नव्हतें. उष्ण हवेंत लस मरे. व्हिएन्नाहून कॉन्स्टॅंटिनोपल, बगदाद, बसरा असा प्रवास करीत ती मुंबईस पोंचली, आणि ऐन पावसाळ्याच्या तोंडावर, १४ जून १८०२ रोजीं, ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर ती लागू पडली. या देशांत देवीची लस यशस्वी रीतीनें टोचलेली हीच पहिली व्यक्ति होय. तिच्या दंडावरील फोडांतील लस इतर मुलांना टोचण्यांत आली, आणि त्यांच्यापासून पुण्यास, सुरतेस व मद्रासेस गेली.

दंडावरून दंडावर जाणाऱ्या या लसीचें शास्त्र मोठें कडक असे. आज टोचलेल्या मुलाच्या दंडावर सुमारें आठव्या दिवशीं फोड भरला, कीं त्याच दिवशीं दुसरें मूल तयार हवें. एक दिवस चुकला तरी सांखळी तुटे. म्हणून देवी काढणाऱ्यास आपल्या फेरीचा हिशेब आधीं बांधावा लागे: कोणत्या गांवीं कधीं पोंचावयाचें आणि तेथें किती मुलें मिळतील. आईबापांना मात्र आपल्या लेकराच्या जखमेंतून दुसऱ्यासाठीं लस काढून घेणें रुचत नसे. ज्या घरानें लसीचा लाभ घेतला, त्यानेंच ती पुढच्या घरास द्यावयाची, असा हा व्यवहार होता. पुढें वासरांवर लस तयार होऊं लागली तेव्हां ही अडचण सरली, पण उन्हाळ्याची भीति राहिलीच. कोंकणांत तीत पावसाळ्याची भर. खाड्या भरल्या आणि वाटा बंद झाल्या म्हणजे फेरी कसली!

या अडचणींची नोंद खुद्द कायद्यानेंही घेतली. मुंबई शहरांत १८७७ च्या कायद्यानें मुलांस देवी काढणें सक्तीचें झालें. पाठोपाठ १८८० सालीं हिंदुस्थान सरकारचा कायदा आला. त्यांत 'देवी काढण्याचा हंगाम' अशी स्पष्ट व्याख्याच आहे. प्रांतिक सरकारनें ठरविलेल्या त्या मुदतींतच टोचणी व्हावयाची. कोणास टोचावयाचें तेंही नेमकें सांगितलें आहे. मूल सहा महिन्यांचें झालेलें असावें, हंगामांत एक महिना त्या ठिकाणीं राहिलेलें असावें, आणि पूर्वीं त्यास देवी आलेल्या किंवा काढलेल्या नसाव्यात. वयाची वरची मर्यादा मुलग्यास चौदा वर्षें आणि मुलीस मात्र आठ! देवीच्या रोगानें असा भेद कधींच केला नाहीं; तो केला त्या काळच्या विवाहाच्या व पडद्याच्या समजुतींनीं, असें म्हणावें लागतें. शिवाय हा कायदा नगरपालिका व लष्करी छावण्या यांपुरताच होता. तेव्हां पात्रता ही केवळ वैद्यकानें ठरत नव्हती. मूल कोणाच्या राज्यांत जन्मलें, शहरांत कीं खेड्यांत, मुलगा कीं मुलगी, यांवरही ती अवलंबून होती.

दुसरी एक गोष्ट हळूहळू ध्यानांत आली. एकदां काढलेल्या देवी जन्मभर पुरतात अशी जेन्नरची समजूत होती; अनुभवानें ती टिकली नाहीं. जर्मनीनें १८७४ च्या कायद्यानें तान्हेपणीं एकदां व बाराव्या वर्षीं पुन्हां टोचणी सक्तीची केली. आज आपण जिला वर्धक मात्रा म्हणतों, तिचें हें जुनें रूप होय.

१८९६ सालीं मुंबईंत ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग, आला. हाफकिननें ग्रॅंट वैद्यकीय महाविद्यालयांत त्यावर लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगांतील स्वेच्छेनें पुढें आलेल्या कैद्यांना ती देण्यांत आली. या लसीचा गुण महिन्यांच्या हिशेबानें ओसरे. म्हणून सांथ पुन्हां आली कीं टोचणीही पुन्हां घ्यावी लागे. आपल्याकडे 'पुन्हां टोचून घ्या' हा निरोप घरोघर पोंचला तो अशा सांथींच्या दिवसांत.

देवी मात्र शेवटीं हटली ती पात्रतेच्या यादीनें नव्हे. १९६२ सालीं निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. आरंभीं भर होता तो सर्व लोकसंख्येस टोचण्यावर. पण कितीही टोचलें तरी कोणीतरी उरेच. तेव्हां सत्तरीच्या दशकांत मोहिमेनें रीत बदलली. सेवक घरोघर जाऊन रोगी शोधूं लागले, आणि रोगी सांपडला कीं त्याच्या भोंवतालच्या सर्वांना, वय किंवा जुना वण न पाहतां, टोचूं लागले. १९७५ च्या मे महिन्यांत देशांतील शेवटचा रोगी नोंदला गेला. १९८० सालीं सर्व जग देवीमुक्त झाल्याचें जाहीर झालें. लोकांनीं लसीकडे यावें याची वाट न पाहतां लस लोकांकडे गेली, तेव्हां हें घडलें.

करोनाच्या सांथींत जुने प्रश्न नव्या वेषांत आले. २०२१ च्या मे महिन्यांत अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांस आरंभीं केवळ संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर नांव नोंदवूनच वेळ मिळे. ज्यांचीं बोटें चपळ होतीं, ते शहरांतील लोक दूरच्या खेड्यांतील केंद्रांत जागा मिळवून तेथें लस घेऊन आले, आणि गांवचा माणूस दाराशींच राहिला, अशा तक्रारी महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं झाल्या. त्याच महिन्याच्या २४ तारखेस सरकारी केंद्रांवर जागेवरच नांव नोंदण्याची मुभा मिळाली. पुढें खबरदारीची मात्रा सुरू झाली ती १० जानेवारी २०२२ रोजीं. हाफकिनच्या त्या प्रयोगास बरोबर सव्वाशें वर्षें झालीं त्या दिवशीं. प्रथम ती आरोग्यसेवक, आघाडीवरचे कर्मचारी व साठीवरील व्याधिग्रस्त यांनाच होती, आणि दुसऱ्या मात्रेनंतर नऊ महिने जावे लागत. एप्रिलांत खाजगी केंद्रांवर ती सर्व प्रौढांस खुली झाली. जुलैंत अंतर सहा महिन्यांवर आलें, आणि पंधरा जुलैपासून पंचाहत्तर दिवस ती सर्व प्रौढांस सरकारी केंद्रांवर विनामूल्य मिळाली.

आतां हंगामी तापाची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, लस दर वर्षीं नवी निघते, कारण त्या रोगाचे विषाणू रूप पालटीत असतात. आपल्याकडे हा ताप पावसाळ्यांत वाढतो, म्हणून लस पावसापूर्वीं घेणें बरें. पूर्वीं हंगाम सरकार ठरवी. आतां तो आपला आपणच ओळखावयाचा आहे. घरांतील वृद्ध, गर्भवती, दमेकरी व मधुमेही यांचा विचार प्रथम करावा, आणि शंका असल्यास वैद्यास विचारावें. पण तेवढ्यानें यादी पुरी होत नाहीं. आपल्याकडे राबणारी बाई, रखवालदार, गांवीं एकटी राहणारी म्हातारी चुलती यांचीं नांवें कोण नोंदवितो? दंडावरून दंडावर लस जात होती त्या काळीं प्रत्येक घर पुढच्या घराचें देणेंकरी होतें. लस आतां कुपींतून येते, म्हणून तें देणें फिटलें असें समजूं नये.