कारणाचा रकाना

गेल्या उन्हाळ्यात आई पहिल्यांदाच डेन्व्हरला आली. विमानतळावरून घरी येताना रस्त्याच्या कडेला हिरवं अधिकचं चिन्ह दिसलं की ती म्हणायची, "बरंय बाई, तुमच्याकडे औषधांची दुकानं पुष्कळ!" तिसऱ्या दुकानापाशी मला राहवलं नाही. म्हटलं, "आई, ती औषधांची नाहीत, गांजाची आहेत." नोव्हेंबर २०१२ मध्ये कोलोराडोच्या लोकांनी मतदानाने गांजाला परवानगी दिली आणि १ जानेवारी २०१४ पासून ही दुकानं सर्वांसाठी उघडली, हे इथल्या जुन्या मंडळींना आठवत असेलच. मला वाटलं, आई हसेल. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "आबाभाऊजी ह्याच्यानंच वाया गेले रे."

आबाकाका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. परळच्या एका गिरणीत साचाखात्यात होते. मी पाहिले ते मात्र साताऱ्याकडच्या आमच्या गावी, देवळामागे बैराग्यांच्या सोबतीने चिलीम ओढत बसलेले. मी सातवीत असताना ते गेले. 'गांजानं गेले', एवढंच घरात बोललं जायचं. मीही ते कधी तपासलं नाही.

माझा धंदा डेटाचा. जुन्या सिस्टिममधला डेटा नव्या सिस्टिममध्ये न्यायचा. त्यात एक गोष्ट नेहमी दिसते. 'कारण' हा रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढे जात नसेल, तर दमलेला कारकून यादीतलं पहिलं कारण टिचकी मारून मोकळा होतो. दहा वर्षांनी कोणीतरी त्याचाच आलेख काढून साहेबाला दाखवतो! आईच्या त्या वाक्यानंतर मी गांजाचा इतिहास वाचायला घेतला, तर हाच प्रकार मला सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका सरकारी अहवालात सापडला.

मार्च १८९३ मध्ये विल्यम केन या दारूबंदीवाल्या खासदाराने ब्रिटिश पार्लमेंटमध्ये हिंदुस्थानातल्या गांजाचा प्रश्न उपस्थित केला. गांजामुळे वेड्यांची इस्पितळं भरतात, असा तेव्हा सर्रास समज होता. त्यातून 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन' नेमलं गेलं. सात सदस्य, त्यात तीन हिंदी. त्यांनी १,१९३ जणांच्या साक्षी घेतल्या आणि १८९४ मध्ये सात खंडांचा अहवाल दिला.

इस्पितळांचं त्यांनी काय केलं, ते वाचून मी खुर्चीतून उठलोच. १८९२ साली वेड्यांच्या इस्पितळांत १,३४४ माणसं दाखल झाली होती. त्यातल्या दोनशेहून जास्त जणांच्या नावापुढे कारण लिहिलं होतं गांजा, भांग किंवा चरस. कमिशनने एकेक प्रकरण उकरून काढलं आणि नातेवाइकांपर्यंत चौकशी केली. निघालं असं, की बहुतेकांना पोलीस पकडून आणायचे आणि कारणही तेच लिहायचे. इस्पितळ ते नोंदवहीत उतरवून घ्यायचं आणि तिथून ते थेट वार्षिक तक्त्यात जायचं. चौकशीअंती गांजाशी खरोखर संबंध जोडता येईल अशी प्रकरणं उरली ९८, म्हणजे शंभरात जेमतेम सात. त्यातही काहींत दुसरी कारणं मिसळलेली होती.

मग लोक हे घेत का होते? कमिशनने तेही विचारलं. पालखी वाहणारे भोई, हमाल, टपाल घेऊन धावणारे हरकारे, पहिलवान, पाणबुडे हे लोक अंगमेहनतीच्या वेळी घ्यायचे. दमट मुलखात तापावर उतारा म्हणून घ्यायचे. साधू ध्यानासाठी घ्यायचे, तर संसारी माणसं शिवरात्रीला प्रसाद म्हणून. म्हणजे कुणाला थकवा विसरायचा होता, कुणाला भूक, कुणाला स्वतःलाच. थोडं घेणाऱ्याला सहसा अपाय होत नाही, अति घेणाऱ्याला होतो, म्हणून बंदी नको, कर आणि परवाने ठेवा, असा निष्कर्ष निघाला. अर्थात सरकारला गांजावर महसूल मिळत होता, हे विसरून चालणार नाही. लाला निहाल चंद आणि राजा सोशी शिखरेश्वर रॉय या दोन सदस्यांनी आपली वेगळी मतं नोंदवली होती. शिवाय आजचा दुकानातला गांजा तेव्हापेक्षा खूप कडक असतो आणि कोवळ्या वयात तो मनाचा तोल बिघडवू शकतो. त्यामुळे मुलांनो, याचा भलता अर्थ काढू नका!

इथल्या अमेरिकेतलंच उदाहरण घ्या. १९७१ मध्ये व्हिएतनामहून परतणाऱ्या सैनिकांपैकी सुमारे एक पंचमांश जणांनी आपण तिथे हेरॉइनच्या आहारी गेलो होतो असं सांगितलं. ली रॉबिन्स या संशोधिकेने त्यांचा माग काढला. घरी आल्यावर पहिल्या वर्षात त्यांच्यापैकी फक्त पाच टक्के जण पुन्हा त्यात अडकले. हेरॉइन तेच होतं. ती जागा आणि ती भीती मागे राहिली होती.

हे सगळं वाचून झाल्यावर एका संध्याकाळी आईला विचारलं, "काका चिलीम कधीपासून ओढायला लागले?"

ती भाजी निवडत होती. म्हणाली, "संपानंतर. त्याआधी सुपारीचं खांडसुद्धा खात नव्हते. तुझ्या बाबांचं कॉलेज त्यांच्याच मनीऑर्डरवर झालं. आमच्या लग्नाचा खर्चही त्यांनीच केला."

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तो रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. काकांना पुन्हा कामावर घेतलं नाही. चाळीतली खोली विकून ते गावी आले. भावाच्या घरात दोन वेळा जेवायचं त्यांना जड जायचं, म्हणून जेवण झालं की देवळामागे जाऊन बसायचे. "तिथं त्यांना कोणी काही विचारत नव्हतं ना," आई म्हणाली. मग थोडं थांबून, "आम्हीपण नाही विचारलं."

गांजाने काकांचं नुकसान केलंच, ते मी नाकारत नाही. पण आमच्या घरच्या नोंदवहीत कारणाचा रकाना आम्ही त्या पोलिसांसारखाच भरून टाकला होता.

आपल्या मंडळातही कधीतरी कानावर येतं, 'तो हल्ली फार घेतो म्हणे.' नोकरी गेलेली असते, व्हिसा अडकलेला असतो, आई तिकडे आजारी असते, नाहीतर नुसतंच एकटेपण असतं. या दिवाळीत असं कोणाबद्दल ऐकलंत, तर फराळाचा डबा घेऊन त्याच्या घरी जा आणि विचारा, "काय रे, बरा आहेस ना?" आबाकाकांना विचारायचं आमच्याकडून राहून गेलं.