रेणूंचं सर्किट : बेल लॅब्ज ते पवई

मी अंजनगाव सुर्जीहून बोलतोय. इतिहासाच्या पुस्तकात आपलं गाव येतं ते १८०३ च्या शिंदे आणि इंग्रजांच्या तहामुळे. आजची गोष्ट मात्र जेमतेम पन्नास वर्षांची आहे, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या वस्तूंची.

१९७४. अमेरिकेत अविराम आणि रॅटनर या दोघांनी कागदावर मांडलं की एकटा रेणूसुद्धा डायोडचं काम करू शकेल, म्हणजे वीज एकाच दिशेनं जाऊ देईल. पण एवढी बारीक वस्तू जागेवर बसवायची कोणी? उत्तर आलं १९८३ मध्ये, बेल लॅब्जच्या नझो आणि अलारा यांच्याकडून. गंधक असलेले रेणू सोन्यावर सोडले, की गंधक सोन्याला धरतं आणि रेणू आपोआप दाटीनं ओळीत उभे राहतात. आपल्या पानमळ्यात कसं, आधार आपण द्यायचा, चढतो वेल स्वतःच!

मग २००१. त्याच बेल लॅब्जमधल्या हेंड्रिक शोननं जाहीर केलं, की अशा एका रेणूच्या जाडीच्या थरापासून ट्रान्झिस्टर बनवला. जगभर गाजावाजा झाला. दुसऱ्या लॅबमध्ये मात्र ते कुणालाच जमेना. पुढे लक्षात आलं, वेगवेगळ्या प्रयोगांच्या ग्राफमधला ‘नॉइज’, म्हणजे मोजताना येणारी बारीक थरथर, हुबेहूब सारखी आहे. दोन वेलींच्या पानांवरच्या शिरा रेघ-न्-रेघ जुळतात का कधी? सप्टेंबर २००२ मध्ये चौकशी समितीनं २४ पैकी १६ आरोप खरे ठरवले. शोनची नोकरी गेली.

रेणू आपोआप रचले जातात, विश्वास तसा रचला जात नाही. दुसऱ्यानं तोच प्रयोग करून पाहिला, की तो बसतो. त्यासाठी दुसऱ्याच्या हाती यंत्रं हवीत, आणि ती महाग असतात.

इथे पवई येते. आयआयटी मुंबईत २००६ मध्ये नॅनोइलेक्ट्रॉनिक्सचं केंद्र सुरू झालं. चिपमधल्या तारांचं तांबं आजूबाजूला झिरपतं आणि चिप बिघडते. ते अडवायला तिथल्या गटानं २००८ मध्ये पोर्फिरिन रेणूंचा, आपोआप रचला जाणारा थर वापरून दाखवला. पोर्फिरिन आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये असतं, आणि पानाचं हरितद्रव्यही त्याच कुळातलं.

त्याच वर्षी ‘इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स यूजर्स प्रोग्रॅम’ सुरू झाला. देशातल्या इतर कॉलेजांतल्या संशोधकांनी तिथे यायचं, यंत्रं शिकायची, स्वतःचं डिव्हाइस बनवायचं. तेव्हा अमरावती-अकोल्यात एम.एस्सी. करणाऱ्यांनो, माहिती काढा आणि अर्ज करा. मोठ्या लॅबचा दावा तपासायचा हक्क तुमचाही आहे, बरं का.

भेटू पुढच्या भागात!